डावा सुभा गप्प जाहला त्याची हकीकत

श्री. ज्याच्या कृपेने आठवण राहते त्यास प्रथम नमन, आणि नमन करावयास जे मस्तक वाकते त्यासही नमन, कारण ते न वाकते तर पुढील मजकूर सांगावयास आम्हांस जागाच न उरती. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, वैशाख शुद्ध दशमी, ते दिवशी एका राज्यावर जो प्रसंग गुदरला तो येथे लिहिला आहे. राज्याचे नाव पुसू नये. राज्य म्हणजे एका मनुष्याचा देह, उंची मध्यम, वर्ण सावळा, पोट नुकतेच सुटू लागलेले, आणि त्या दिवशी त्या देहाचे लग्न होते, म्हणोन अंगावर पितांबर, कपाळी मुंडावळ्या आणि हाती नारळ ऐसा सरंजाम होता. आम्ही त्या राज्याच्या मस्तकगडावर चाकरीस होतो. कोणत्या खात्यात ते सांगत नाही, कारण त्या खात्याचा पुरता पत्ता गडावरील थोरांसही अद्याप लागला नाही, आणि न लागल्यामुळेच आमची चाकरी सुखाने चालली आहे.

आधी राज्याची रचना सांगतो, नाहीतर पुढील गोंधळ ध्यानी यावयाचा नाही. सर्वांत वर मस्तकगड, भोवती हाडाचा कोट, कोटाच्या आत पाण्याचा खंदक, आणि त्या पाण्यात गड तरंगत असतो, म्हणोन धक्का बसला तरी दरबार हलतो पण फुटत नाही. कपाळामागील दालनात श्रीमंत बसत. श्रीमंत म्हणजे राज्यात जो ‘मी, मी’ म्हणतो तो. त्यांचे दिवाण मोरजीपंत, यांचे काम आलेल्या बातम्यांचा अर्थ लावणे आणि जिभेस बोलणे पुरविणे, आणि माणूस मोठा हुशार, इतका की ज्याचा अर्थ लागत नसे त्याचाही लावून मोकळा होई. गडाच्या पिछाडीस मानेच्या वर नारोपंत राहत, त्यांच्याकडे तोल. राज्य उठो, बसो, जिना उतरो, कोणता सांधा कोठे आहे आणि किती वाकला आहे याची विचारपूस नारोपंत अष्टौप्रहर करीत आणि हळूच दुरुस्ती करीत, म्हणोन श्रीमंतांस वाटे की आपणच चालतो. आणि गडाच्या अगदी तळाशी, जेथे गड संपून पाठीचा राजमार्ग लागतो, तेथे भागाबाई. श्वास तिच्या हाती, काळजाचा ठोका तिच्या हाती, राज्य जन्मल्यापासून ती निजली नाही आणि दरबारास एकदाही आली नाही. कोणी बोलाविले तर म्हणे, ‘मी आले तर हितं भाता कोण हलवील, तुमचा काका?’

मग पाठीचा राजमार्ग. तो मणक्यांच्या कड्यांतून खाली उतरतो, आणि दर मणक्याशी दोहों अंगांस रस्ते फुटून सुभ्यासुभ्यांत जातात. रस्त्यांवर जासूद दोन जातींचे, एक खालची बातमी वर आणणारे, दुसरे वरचा हुकूम खाली नेणारे, आणि एकाचे काम दुसरा करीत नाही, त्यांचे आपसांत बोलणेही नाही. रस्त्यांस चरबीचे वेष्टण, मध्ये मध्ये खाचा, आणि जासूद धावत न जाता खाचेवरून खाचेवर उड्या घेत जातो, म्हणोन पायास ठेच लागली तर पापणी लवण्याच्या आत गडावर बोंब उठते. जेथे एका जासुदाचा रस्ता सरतो तेथे बारीक दरी असते. ती त्यास ओलांडता येत नाही. तो पलीकडे चिमूटभर पूड फेकितो, पलीकडचा जासूद ती पूड नाकास लागताच उठून धाव घेतो. याप्रमाणे राज्यात कोणीही जासूद आपली बातमी दरबारापर्यंत नेत नाही, आणि तरी बातमी पोचते. आणखी एक चमत्कार असा की डाव्या सुभ्यांची बातमी गडाच्या उजव्या दालनात जाते आणि उजव्यांची डाव्या. हे ऐसे का, ते आम्हांस ठाऊक नाही. आमच्या आधीपासून चालत आले आहे, आणि सरकारी कामात जे आधीपासून चालत आले ते कोणी पुसत नाही.

या सर्व जासुदांत दौलोजी म्हणून एक, डाव्या पायाच्या अंगठ्यावरचा. त्याचा रस्ता राज्यात सर्वांत लांब, अंगठ्यापासून निघाला तो थेट भागाबाईच्या उंबऱ्याशी येऊन पूड टाकी, मध्ये विसावा नाही. माणूस बोलका आणि कुरकुरा. चप्पल चावते, फरशी गार आहे, मोजा ओला आहे, नख वाढले आहे, ऐशा बातम्या दिवसभर. दरबारास त्याचा कंटाळा. मोरजीपंत म्हणत, ‘आला डाव्या सुभ्याचा रडगाणेवाला,’ आणि देवडीवर सांगून ठेवीत की विशेष काही नसेल तर याची बातमी आत सोडू नये. देवडी म्हणजे गडाच्या मध्यभागी जेथे वर आलेल्या सर्व बातम्या अडवितात, निवडितात, आणि योग्य ती योग्य दालनात धाडितात. तेथील नाईक कामात वाकबगार, पण त्याचाही हात एकच, आणि एका वेळी एकच थोर बातमी आत जाई.

आता त्या दिवसाचे वर्तमान. सकाळी शेजारच्या राज्याच्या स्वामिनी, म्हणजे वधू, यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, ‘ऐक ना, माझे पाय आत्तापासूनच लटपटतायत. सप्तपदीत मी सगळ्यांसमोर धाडकन पडणार बहुतेक.’ तेव्हा मोरजीपंतांनी जिभेस तत्काळ शब्द पुरविले आणि श्रीमंत बोलिले, ‘पडतेस कशी? मी धरलेलं असणार ना तुला!’ पलीकडून हसू आले, आणि त्या हसण्याने आमच्या गडावर दिवाळी जाहली, भागाबाईने ठोका वाढविला, गाल तांबडे जाहले. श्रीमंत खुशीत येऊन म्हणाले, ‘आज सात पावले ऐशी चालावयाची की शेजारच्या राज्यास जन्मभर भरवसा वाटावा.’ हाच त्यांचा पण, आणि हीच त्यांची चिंता. पुढे जे जाहले ते सर्व याच्या पोटी जाहले.

मग मंडपात आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे श्रीमंतांच्या तीर्थरूपांची थोरली बहीण, लग्नकार्यात त्यांचा शब्द तोफेसारखा. त्यांनी पाटावर बसलेल्या राज्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘अरे, चुळबुळ काय लावलीयेस माकडासारखी? फोटोत सगळं दिसतं. मांडी घालून नीट बस आणि होईपर्यंत हलू नकोस.’ हा बोल श्रीमंतांस लागला. आजवर राज्यात ऐशी वहिवाट होती की एखादा सुभा बसून बसून दबला तर कमरेचे ठाणेदार कोणास न विचारता राज्य थोडे सरकवीत, मांडी बदलीत, टेकण देत, आणि श्रीमंतांस याची खबरही नसे. ती वहिवाट श्रीमंतांनी त्या दिवशी मोडली. ताकीद गेली जे, शेजारच्या राज्याशी तह, म्हणजे हे लग्न, पुरा होईतो कोणीही चुळबुळ करू नये, जो करील त्याची गय होणार नाही. ठाणेदारांनी मान तुकविली. नारोपंतांनी मागून विचारिले, ‘साहेब, ठाण्यांनी सरकावयाचे नाही तर दबलेल्यांनी काय करावे?’ श्रीमंत म्हणाले, ‘दबून राहावे. एक दिवसाचा प्रश्न आहे.’ नारोपंत माघारी गेले.

मग मंगलाष्टके जाहली, अक्षता पडल्या, कन्यादान जाहले, होम पेटला, धूर डोळ्यांत गेला, लाह्यांचे हवन होऊन फेरे जाहले, आणि उभयतांस पुन्हा पाटांवर बसविले. येथवर ठीक. परंतु त्या दिवशीचे गुरुजी नव्या चालीचे होते. त्यांच्या गळ्यात छोटा माइक अडकविलेला, आणि त्यांचा नेम असा की सप्तपदीस उठविण्यापूर्वी सातही पावलांचा अर्थ जमलेल्या मंडळींस फोड करून सांगावयाचा. ‘पहिलं पाऊल अन्नासाठी,’ म्हणोन त्यांनी प्रारंभ केला, आणि अन्नावरून शेतीवर आले, शेतीवरून पाण्यावर, पाण्यावरून हल्लीच्या मुलांवर. पहिले पाऊलच सरेना. इकडे राज्याची मांडी पडली होती उजवी वर, डावी खाली, आणि डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगास, जेथे सुभ्याचा रस्ता हाडावरून उघडा जातो, तेथे उजव्या सुभ्याने आपले सर्व वजन टेकविले. वैरी आला असता तर कोणी ओळखिले असते. हा आपलाच भाऊ, रोज बरोबर चालणारा, आणि त्यास स्वतःस ठाऊक नाही की आपण कोणाच्या मानगुटीवर बसलो आहो. रस्ता दबला. रस्त्यावर रसद नेणारे रक्ताचे कालवेही दबले.

दौलोजी मूळचाच कुरकुरा, त्याने पहिला चिमटा बसताच धूम ठोकिली, दबल्या जागेतून कसाबसा अंग चोरून निघाला, आणि भागाबाईच्या उंबऱ्याशी येऊन ओरडला, ‘बाई, वर कळवा! उजव्यानं आमचा रस्ता आवळलाय. जरा सरकवा म्हणावं, जास्त नको, बोटभर सरकवा!’ भागाबाई म्हणाली, ‘माझ्याकडं का बोंबलतोस, माझ्या हातात भाता हाय. टाक पुडी नि जा.’ त्याने पूड टाकिली, पुढचा जासूद उठला, बातमी देवडीवर पोचली, आणि नाईक ती उचलून आत धाडणार तोच मंडपात गलका उठला. वधूचे बंधू कान पिळावयास आले होते. गुरुजींस थांबावे लागले. मेव्हण्यांनी नवरदेवाचा उजवा कान धरून जो पिळला तो लाड म्हणोन पिळला की सूड म्हणोन ते आम्हांस आजही सांगता येत नाही. कान गडाच्या भिंतीसच लागून, त्याची बोंब देवडीवर अशी आदळली की नाईकाच्या हातून बाकी सर्व खाली पडले. ‘अरे अरे, घड्याळ देतो, सोड!’ ऐसे श्रीमंत हसत ओरडले, मंडळी हसली, वधू हसल्या, छायाचित्रकाराने ‘परत एकदा पिळा, मगाशी नीट आलं नाही’ म्हणोन दुसऱ्यांदा पिळविले, आणि या सर्व आनंदात दौलोजीची बातमी देवडीवर पायदळी गेली ती गेलीच.

मग गुरुजी तिसऱ्या पावलावर आले. डाव्या सुभ्यातून दुसरी बातमी आली ती अर्धवट, तिसरी आली तिचा आवाजच आला नाही, आणि मग काहीच येईना. चप्पल नाही, फरशी नाही, नख नाही. दरबारात ऐशी शांतता आजवर कोणी अनुभविली नव्हती. मोरजीपंतांनी कान दिला, थोडा विचार केला, आणि उठून मुजरा करून म्हणाले, ‘श्रीमंत, अभिनंदन असो. डावा सुभा संतुष्ट जाहला. इतकी वर्षे रोज कुरकुर, आज ताकीद जाताच चिडीचूप. राज्य करावे ते ऐसे.’ श्रीमंतांची छाती फुगली, त्यामुळे पितांबर सैल वाटले, तिकडे थोडे लक्ष गेले. आम्ही तेथेच होतो आणि आम्हांसही खरे वाटले. गप्प बसलेल्याचे पोट भरले आहे ऐसे मानून घेणे फार सोयीचे असते, आणि त्या सोयीत आम्हीही सामील होतो.

एकटे नारोपंत धावत आले. त्यांस दरबारी बोलणे येत नसे, ते धापा टाकीत म्हणाले, ‘डावा घोटा सापडत नाही.’ मोरजीपंत हसले. ‘सापडत नाही म्हणजे? काल होता तेथेच असणार. घोटा काय परगावी जातो?’ नारोपंत म्हणाले, ‘मी हाक मारितो तर उत्तर येत नाही. वाकला आहे की ताठ, काही कळत नाही. डोळ्यांस पाहू द्या.’ मग डोळ्यांस हुकूम गेला, डोळे खाली वळले, आणि त्यांनी कळविले की पितांबराच्या निऱ्या दिसतात, निऱ्यांखाली उंचवटा आहे, तो बहुधा आपलाच असावा. मोरजीपंत म्हणाले, ‘पाहा!’ तरी नारोपंत हलेनात, तेव्हा त्यांची समजूत काढावी म्हणोन श्रीमंतांनी आज्ञा केली जे, डाव्या अंगठ्याने एकवार हलून दाखवावे. हुकुमाचा जासूद राजमार्गाने उतरला, कंबर ओलांडली, मांडी ओलांडली, आणि गुडघ्यापाशी जाऊन अडला तो तेथेच. वर काही कळले नाही. मोरजीपंत म्हणाले, ‘हुकूम गेला, नकार आला नाही, म्हणजे अंगठा हलला.’ आता याउपर माणसाने काय बोलावे. नारोपंत आपल्या जागी गेले आणि कमरेच्या ठाणेदारांस इतकेच सांगून ठेविले की, ‘ताकीद काय आहे ती आहे, पण राज्य कलंडू लागले तर मला विचारीत बसू नका.’

इतक्यात गुरुजींचे सातवे पाऊल सरले. घाम पुसून ते म्हणाले, ‘चला, उठा आता. उजव्या हातात वधूचा हात घ्या. वहिनी, तांदळाच्या राशी मोकळ्या करा, पाय पडेल असं बघा.’ मंडळी खुर्च्या सरकवून पुढे आली, आत्याबाई पुढच्या रांगेत सतरंजीवर बसल्या होत्या त्या मान उंच करून पाहू लागल्या. श्रीमंतांनी डाव्या अंगास बसलेल्या वधूचा हात हाती घेतला. हात गार होता, ती बातमी हाताच्या जासुदाने आणिली आणि श्रीमंतांस फार माया वाटली. मग मोठ्या डौलाने आज्ञा जाहली, राज्य उभे राहावे. उजवा सुभा उठला, कंबर उठली, पाठ ताठ जाहली, आणि डाव्या सुभ्याने जमिनीवर पाऊल टाकिले, आणि जमीन नव्हती. म्हणजे जमीन होतीच, मंडपाची, सतरंजी घातलेली, पण वर कोणी कळविलेच नाही, आणि घोटा ओल्या फडक्यासारखा आत मुडपला.

पुढचे सर्व इतके त्वरेने जाहले की लिहिण्यास वेळ लागतो तेवढा घडण्यास लागला नाही. कानाच्या आतील भुयारात पाण्याच्या तीन वाटोळ्या नळ्या आहेत, त्यांतले पाणी एका अंगास गेले आणि भागाबाईच्या शेजारून हाकाटी उठली, ‘डावीकडे! डावीकडे!’ कमरेच्या ठाणेदारांनी ताकीद धाब्यावर बसविली. डावा हात आपोआप पंखासारखा उडाला, उजवी पोटरी दगडासारखी आवळली, नारोपंतांनी कंबर उजवीकडे फेकिली, भागाबाईने ठोक्यांचा नगारा लाविला आणि तळहातांस घाम सोडिला. आणि श्रीमंत, ज्यांचे हे राज्य, ते या अवधीत फक्त ‘अ’ एवढेच म्हणाले, ‘रे’ मागाहून आले. उजव्या हाताने मात्र वधूचा हात सोडिला नाही, उलट गच्च आवळून ओढिला. आणि ओढताच कळले की शेजारचे राज्यही आपल्याकडेच कलंडत आहे. खांद्यास खांदा लागला, मुंडावळ्यांत मुंडावळ्या गुंतल्या, आणि दोन्ही राज्ये एकमेकांस टेकून उभी राहिली ती पडली नाहीत.

आता वेढा उठला होता. उजव्या सुभ्याचे वजन निघताच रसद वाहू लागली, आणि रस्ता खुला होताच डाव्या सुभ्यातील एकूण एक जासूद एकदम सुटले, दौलोजी सर्वांच्या पुढे, कोणाच्या हाती कोणती बातमी याचा मेळ नाही, कोणी ‘टोचते’ म्हणतो, कोणी ‘गार आहे’, कोणी ‘भाजते’, कोणी नुसताच ‘आई गं’. देवडीवर ऐशी झुंबड जाहली की नाईक भिंतीस चिकटला. मोरजीपंतांनी गलका ऐकून तत्काळ अर्थ लाविला, ‘श्रीमंत, मुंग्यांची फौज चालून आली!’ डोळ्यांस धाडिले. डोळ्यांनी पायाकडे पाहून कळविले की एकही मुंगी नाही, एक झेंडूची पाकळी आहे. मोरजीपंत उभ्या जन्मात प्रथमच बुचकळ्यात पडले. ‘मुंग्या नाहीत, तर मग एवढे ओरडतात ते कोण?’ तेव्हा दौलोजीची पूड पुढच्या हाती, पुढच्याची त्याच्या पुढच्या हाती, ऐसे होत होत बातमी श्रीमंतांच्या दालनात आली ती याप्रमाणे, ‘आम्ही. आम्हीच आहोत साहेब. मघाशीही आम्हीच होतो.’

श्रीमंतांचा चेहरा उतरला. बाहेर मंडळी थबकून पाहत होती, आणि कोणी विचारण्याच्या आत मोरजीपंतांनी सवयीप्रमाणे जिभेच्या टोकावर मजकूर तयार करून ठेविला, ‘काही नाही, जरा निऱ्यांत पाय अडकला.’ बोलणे साफ, अब्रू शाबूत, कोणासही पटेल ऐसे. जीभ उचलली गेली. पण श्रीमंतांनी हात वर केला आणि जीभ तेथेच थांबली. आम्ही त्यांस जन्मापासून पाहत आलो, ऐसा विचार करिताना कधी पाहिले नव्हते. ते हळूच म्हणाले, ‘पंत, मी काही नाही म्हणालो तर ती काय समजेल?’ मोरजीपंत म्हणाले, ‘सर्व ठीक आहे ऐसे समजेल.’ श्रीमंत म्हणाले, ‘जसे तुम्ही आणि मी मघाशी समजलो तसे.’ मग मोरजीपंतांनी स्वतःच्या हाताने तो तयार मजकूर जिभेवरून उचलून घेतला. मोठ्या मनाचा माणूस, आम्ही त्यांची थट्टा केली तरी हे लिहिणे भाग आहे.

मग श्रीमंत वधूच्या कानाशी बोलिले, आणि हे बोल दिवाणांनी पुरविलेले नव्हते, ‘माझा डावा पाय मेलाय गं. काहीच कळत नाहीये त्याला. आता मुंग्या आल्यात.’ वधूंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी उभे होते, ते धुराचे की भीतीचे ते कळले नाही. त्या म्हणाल्या, ‘माझा उजवा. मगाचपासून. कान पिळत होते ना, तेव्हापासून. तू इतका ताठ बसला होतास, मला वाटलं तुला काहीच होत नाहीये. म्हणून बोलले नाही.’

उजवा! तांदळाच्या राशीवर पहिला ठेवावयाचा तोच पाय. दोन राज्ये, चार पाय, त्यांपैकी दोन निद्रिस्त, आणि तो तह सात पावलांचा. दोघेही एकमेकांकडे पाहून जे हसू लागले ते थांबेनात. आणि गुरुजींच्या गळ्यात माइक होता, गुरुजी दोघांस सावरावयास जवळ आले होते, त्यामुळे हे सर्व बोलणे कार्यालयाच्या चारी भिंतींवरील कर्ण्यांतून पंगतीची पाने मांडणाऱ्यांपर्यंत स्पष्ट ऐकू गेले. मग पुढच्या रांगेतून आत्याबाईंचा तोफेचा आवाज आला, ‘अरे, हसता काय? माझे तर दोन्ही मेलेत. कोणीतरी उठवा मला आधी!’ मग मंडपात जो हशा पिकला त्याने होमाच्या ज्वाळा हलल्या. सतरंजीवरील इतकी मंडळी त्या वेळी पाय चोळू लागली की कोणी मोजीत बसला नसता. गुरुजींनी माइक बंद केला आणि ओशाळून म्हणाले, ‘असू दे, असू दे. मुंग्या जाईपर्यंत थांबू. मुहूर्त आहे अजून.’

मग दोघे तेथेच उभे राहिले, याचा उजवा आणि तिचा डावा ऐशा दोन जाग्या पायांवर, मधले दोन निजलेले पाय शेजारी शेजारी टेकलेले. मुंग्या चढत होत्या, चढता चढता शिगेस गेल्या, वधूंनी ‘आई आई आई’ केले, श्रीमंतांनी ओठ चावला. गडावर इतका कल्लोळ की काही ऐकू येईना, पण कोणीही देवडी बंद करा ऐसे म्हटले नाही. नारोपंत पिछाडीस बसून एकेका सांध्याचे नाव घेत होते, गुडघा सापडला, पोटरी सापडली, टाच सापडली, आणि घोट्याने ‘हजर’ म्हटले तेव्हा त्यांनी डोळे पुसले. ठाणेदारांस कोणीही ताकीद मोडल्याबद्दल पुसले नाही. श्रीमंतांनीच आपली आज्ञा मागे घेतली.

मग पहिले पाऊल. वधूंनी उजवा पाय उचलला, राशीवर ठेविला, आणि थांबून हसून म्हणाल्या, ‘लागतायत तांदूळ. टोचतायत.’ श्रीमंतांनी डावा पाय शेजारी टेकविला. आता गडावर सगळे थांबले होते, मोरजीपंतांसकट, बोलणे बंद करून, आणि दौलोजी लांबच्या लांब रस्त्याने खाचेवरून खाचेवर उड्या घेत आला आणि त्याची बातमी या हातून त्या हाती होत दरबारात आली जे, सतरंजी खरखरीत आहे, खाली फरशी थंड आहे, आणि अंगठ्याखाली एक तांदळाचा दाणा सापडला आहे तो रुतत आहे, तरी त्याचा बंदोबस्त व्हावा. श्रीमंतांनी ती कुरकुर मुळापासून शेवटापर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘पुन्हा सांग.’

येणेंप्रमाणे दोन राज्यांचा तह वैशाख शुद्ध दशमीस जाहला, आधी उभे राहणे जाहले आणि मग सात पावले. त्यानंतर राज्यात आजारपणे आली, भांडणे आली, घर बदलणे आले, त्यांचे येथे प्रयोजन नाही. इतके मात्र नमूद करितो की त्या दिवसापासून उभय राज्यांत कोणी बराच वेळ गप्प बसले तर दुसरे जवळ येऊन पुसते, ‘पाय मेला का?’, आणि पाय मेला नसेल तरी जे असेल ते सांगितले जाते. मजकूर संपला, मांडी बदलावी.